ट्रायपॉडचा पाय घसरतो तेव्हा...

चंद्रपूर, प्रतिनिधी - ताडोबाच्या सहलीचा दिवस ठरला की हौशी छायाचित्रकाराच्या घरी तयारीला ऊत येतो. बॅटऱ्या चार्ज होतात, मेमरी कार्डे रिकामी केली जातात, लेन्स मऊ फडक्याने पुसून पिशवीच्या कप्प्यांत विसावतात. ट्रायपॉड मात्र मागील सहलीहून आला तसाच, मुरमाच्या तांबूस धुळीसकट, कपाटामागून निघतो आणि गाडीच्या डिकीत आडवा पडतो. त्याची आठवण होते ती पहाटे इरई जलाशयाच्या काठावर, तीन पायांपैकी एक पाय कॅमेऱ्याच्या भाराखाली हळूच बसू लागतो तेव्हा.

हा पाय असा किती घसरतो? बहुधा ५ मिलिमीटरही नाही. पण तेवढे पुरेसे असते. ट्रायपॉडच्या पायांमधील अंतर साधारण १ मीटर धरले, तर एक पाय ५ मिलिमीटरने आखूड होताच वरचा कॅमेरा सुमारे एक तृतीयांश अंशाने झुकतो. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून फुल फ्रेम कॅमेऱ्यात दिसणाऱ्या दृश्याची उंची जेमतेम सव्वादोन अंशांची असते. म्हणजे चौकटीच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतके चित्र सरकते आणि पाणकावळ्याचे डोके बाहेर जाते. ही घसरण निदान डोळ्यांना दिसते. त्याहून घातक असते ती न दिसणारी. शटर उघडे असतानाच पाय केसाच्या जाडीएवढा खचला, तरी अशा लेन्सने टिपलेल्या २४ मेगापिक्सेलच्या चित्रात दहा-बारा पिक्सेलचा पुसटपणा येतो. मग दोष लेन्सला दिला जातो, वाऱ्याला दिला जातो, फोकस चुकला असे म्हटले जाते. खरा गुन्हेगार खाली, पायाच्या गुडघ्यापाशी बसलेला असतो.

आणि कधीकधी पाय केसाएवढा नव्हे, एकदम बोटभर बसतो. कॅननची १९९९ सालची ६०० मिलिमीटर एफ-४ लेन्स ५ किलो ३६० ग्रॅम वजनाची होती. २०१८ साली आलेली तिची तिसरी आवृत्ती ३ किलोच्या आसपास आली. लेन्स हलक्या झाल्या, पण किमती लाखांच्या घरातच राहिल्या. असे ओझे दीड मीटर उंचीवरून तलावाकाठच्या दगडावर आदळले, तर होणाऱ्या नुकसानीपुढे एका स्क्रूची किंमत काय वर्णावी!

दिलासा एवढाच, की सैल झालेले लॉक बहुतेक वेळा तुटलेले नसते. त्यात धूळ बसलेली असते, तेल गेलेले असते किंवा एखादा बोल्ट अर्धा फेरा सुटलेला असतो. ते खरोखर तुटते ते पुष्कळदा त्यानंतर, म्हणजे मालकाने चिडून सारे बळ लावून ते आवळले की.

ट्रायपॉड लागतो कुठे?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. पर्यटकाला वाहनातून उतरता येत नाही आणि उघड्या जिप्सीत तीन पाय पसरायला जागा नसते. तेथे तांदूळ भरलेली कापडी पिशवी गाडीच्या कठड्यावर टाकून तिच्यावर लेन्स टेकवणे हाच राजमार्ग. काही जण दोन आसनांच्या मध्ये एकपायी मोनोपॉड रोवतात. त्याचे लॉक ट्रायपॉडसारखेच असते आणि कच्च्या रस्त्याचे हादरे खाऊन तेही तसेच सैल होते.

ट्रायपॉडचे खरे राज्य सफारीच्या बाहेर आहे. चंद्रपूरनजीकचा जुनोना तलाव, इरईचा काठ, हिवाळ्यात तेथे उतरणारी स्थलांतरित बदके; चंद्रपूर शहरातील गोंडकालीन परकोट आणि दरवाजे; वैनगंगेच्या काठावरील मार्कंड्याची देवळे (संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड उभारण्यास पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते, हे लक्षात असावे); आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’चे जुने सागवान. २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या या वनखंडात भर दुपारीही प्रकाश इतका कमी असतो, की शटर पाव-अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते. सिरोंचाच्या पुढे सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते. त्या संगमाची सायंकाळ हातात कॅमेरा धरून टिपण्याजोगी नाही. गडचिरोलीत २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमार्गे आलेल्या रानटी हत्तींसमोर ट्रायपॉड मांडून बसण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये; तेथे पाय लॉकचे नव्हे, स्वतःचे घट्ट हवेत.

या सर्व ठिकाणांची आणखी एक समानता अशी, की लॉक बिघडले तर दुरुस्त करणारा जवळपास नाही. कॅमेऱ्याच्या सामानाची मोठी दुकाने नागपुरात. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. सिरोंचाहून तर जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर. तेव्हा हे काम स्वतःला येणे आले.

वर्कशॉपपासून दूर, स्वतःच्या हातांनी उपकरण जुळवण्याचा एक विलक्षण दाखला सर्वेक्षणाच्या इतिहासात आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि त्यांचे सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट आदळून वाकले. लॅम्बटन तंबूत बसले आणि जवळपास सहा आठवड्यांत त्यांनी ते पुन्हा सरळ केले. याच लॅम्बटनचा मृत्यू १८२३ साली हिंगणघाटला झाला. चंद्रपूरहून रेल्वेने वर्ध्याकडे जाताना हे गाव लागते. ट्रायपॉडच्या लॉकला सहा आठवडे लागत नाहीत. एक रविवार दुपार आणि जमिनीवर अंथरलेले जुने वर्तमानपत्र पुरते.

आधी रोगी पाय ओळखा

तिन्ही पाय पूर्ण उघडून प्रत्येक सांध्याच्या खाली, लॉकच्या काठाला लागून, पेन्सिलीने बारीक खूण करावी. मग एकेका पायावर दोन्ही हातांनी शरीराचा थोडा भार द्यावा. खूण लॉकमध्ये शिरली तर तो सांधा सैल. ही परीक्षा न करता सगळीच लॉक आवळत सुटणे म्हणजे एका दातासाठी बत्तिशी काढण्यासारखे होईल. सर्वांत खालचा सांधा बहुधा दोषी निघतो, कारण माती, वाळू आणि पाणी यांच्याशी त्याचा रोजचा संबंध येतो.

बाजारातील ट्रायपॉडांचे पाय मुख्यतः दोन तऱ्हांच्या लॉकांनी जखडलेले असतात. एक खटक्याचे आणि दुसरे पिळाचे. मॅनफ्रोटो या इटालियन कंपनीच्या १९० आणि ०५५ या लोकप्रिय मालिकांमुळे खटका घराघरात पोहोचला. पिळाचे लॉक म्हटले की जाणकारांना १९१७ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेली आणि १९९४ साली कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणणारी गित्झो कंपनी आठवते. आज अनेक कंपन्या दोन्ही प्रकार विकतात. दोन्हींचा आजार सारखा दिसला तरी उपचार वेगळे आहेत.

खटक्याचे लॉक

खटका पायाच्या नळीला थेट दाबत नाही. नळीभोवती एका बाजूने चिरलेले कडे असते. खटक्याचा अक्ष मधोमध नसून किंचित बाजूला असतो. त्यामुळे खटका मिटताना त्याचा फुगीर भाग चिरेची दोन टोके जवळ ओढतो आणि कडे नळीला आवळते. गिअरच्या सायकलची सीट वर-खाली करण्याचा खटका ज्यांनी हाताळला आहे, त्यांना निराळे सांगायला नको.

हे कडे किती आवळले जावे, ते एका बोल्टवर किंवा नटावर ठरते. प्रवासाच्या हादऱ्यांनी तो सुटतो आणि खटका ‘खट्’ असा वाजण्याऐवजी लोण्यात सुरी जावी तसा मिटतो. दुरुस्ती सोपी आहे. खटका उघडा ठेवायचा, योग्य मापाची ॲलन की, चांदणीच्या तोंडाची की किंवा छोटा पाना लावून बोल्ट एक अष्टमांश फेरा आवळायचा, खटका मिटून पाहायचा, पायावर भार द्यायचा. घसरला तर आणखी एक अष्टमांश. काही कंपन्या यासाठी लागणारी किल्ली ट्रायपॉडच्या पायालाच अडकवून देतात आणि अनेक मालक ती निरुपयोगी प्लास्टिक समजून काढून टाकतात! ती हरवली असेल तर सायकल दुरुस्तीच्या दुकानात ॲलन कीचा संच मिळतो. किल्ली मापाची नसेल तर बोल्टचे डोके गोल होऊन बसते आणि मग साध्या दुखण्याचे ऑपरेशन होते.

किती आवळावे याचे माप अंगठा आहे. मिटताना अंगठ्याला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे, पण दुसऱ्या हाताची मदत लागता कामा नये. लागलीच तर प्लास्टिकच्या कड्याला बोल्टच्या भोकापाशी केसासारखी चीर जाण्याची भीती असते. ही चीर डोळ्यांपेक्षा नखाला लवकर कळते. एकदा चीर गेली की गोंद, ॲराल्डाइट, तार यांपैकी काहीही टिकत नाही, कारण त्या जागी सतत ताण असतो. कडे बदलणे हाच उपाय.

बोल्ट वारंवार सुटत असेल तर नटाच्या आत असलेली नायलॉनची कडी झिजलेली असते. असा नट हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. धातूच्या आट्यांवर मध्यम शक्तीच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब चालतो, मात्र तो प्लास्टिकला लागू देऊ नये. काही प्लास्टिक त्याने तडकते. त्याऐवजी बोल्टचे डोके आणि नट यांच्या बाहेरच्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका दिला तरी हादऱ्यांनी बोल्ट फिरायचा थांबतो. फिरलाच, तर ठिपका तडकून तसे कळतेही.

स्वस्त ट्रायपॉडांत बोल्टच नसतो, रिव्हेट असते. तेथे आवळायला काही उरत नाही. कड्याच्या आत पातळ प्लास्टिकची अरुंद पट्टी सरकवून थोडे दिवस काढता येतात, पण असा ट्रायपॉड मोबाइलसाठी किंवा छोट्या कॅमेऱ्यासाठी ठेवावा. मोठी लेन्स त्याच्यावर चढवणे हे धाडस नव्हे, जुगार आहे.

पिळाचे लॉक

पिळाचे लॉक पाहायला साधे आणि उघडल्यावर गोंधळात टाकणारे असते. बाहेरून रबर लावलेले कडे दिसते. आतली रचना अशी. खालच्या, बारीक नळीच्या वरच्या टोकाला प्लास्टिकचे एक जाडसर वेष्टन असते. त्याच्यावरच्या बारीक गुंड्या नळीच्या भोकांत बसतात आणि नळी बाहेर निसटू देत नाहीत. त्याच्या खाली पन्हळीच्या आकाराच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. दुकानदार त्यांना शिम म्हणतात. या पट्ट्यांची बाहेरची बाजू निमुळती असते. कडे फिरवले की ते पट्ट्यांना वरच्या नळीच्या तोंडात ढकलते, निमुळतेपणामुळे त्या आत दाबल्या जातात आणि खालच्या नळीला घट्ट धरतात. थोडक्यात, सुताराने लाकडी दांड्यात ठोकलेली पाचर, फक्त गोल.

म्हणजे पकड कशावर अवलंबून? पट्टी आणि नळी यांच्यातील घर्षणावर. त्या दोहोंमध्ये तेल गेले तर पट्टी कितीही दाबली तरी नळी निसटते. धूळ गेली तर पट्टी नळीवर बसण्याऐवजी धुळीच्या कणांवर बसते. कड्याच्या आट्यांत माती गेली तर कडे हाताला घट्ट लागते, पण तो सगळा जोर मातीशी झगडण्यात जातो, पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. हे तिसरे कारण फार फसवे आहे. ‘मी तर गच्च आवळले होते’ अशी तक्रार ऐकू येते, ती याचमुळे.

उपाय म्हणजे पाय खोलणे. भिण्याचे कारण नाही, फक्त एका वेळी एकच पाय खोलावा, म्हणजे उरलेले दोन नमुन्याला राहतात. खालचे कडे पूर्ण फिरवून सोडवावे आणि नळी सावकाश ओढून काढावी. पट्ट्या या वेळी टपकन खाली पडतात, म्हणून वर्तमानपत्र. त्या कोणत्या बाजूने, कोणत्या क्रमाने बसल्या होत्या याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. नळी आणि पट्ट्या साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसाव्यात. आट्यांमधील काळपट चिखल जुन्या टूथब्रशने काढावा. वरच्या नळीच्या आतून काठीला गुंडाळलेले सुती फडके फिरवले की तळाशी साचलेली वाळू बाहेर येते. नदीकाठी वापरलेल्या ट्रायपॉडातून ती चमचाभर निघाली तरी आश्चर्य वाटू नये. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांना हात लावू नये. प्लास्टिक आणि रबर त्यांनी खराब होते, आणि रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो तो वेगळाच.

सारे भाग सावलीत पूर्ण वाळल्यावर ग्रीसचा प्रश्न येतो. ग्रीस फक्त आट्यांवर लावावे, तेही इतके पातळ की बोटाने पुसल्यावर चकाकी तेवढी उरावी. नळीवर नाही, पट्ट्यांवर तर मुळीच नाही. मग पट्ट्या खाचेत बसवाव्यात, गुंड्या भोकांत बसल्याची खात्री करावी, नळी सरळ आत सरकवावी आणि कडे हाताने लावावे. आटे पहिल्या झटक्यात जुळत नसतील तर जोर करू नये. कडे थोडे उलटे फिरवून ‘टक्’ असा हलका धक्का जाणवला की मग सरळ फिरवावे. तिरपे चढलेले आटे एकदा कापले गेले की तो सांधा गेलाच.

इतके करूनही पाय घसरत असेल तर पट्ट्या झिजल्या आहेत असे समजावे. आतला भाग आरशासारखा गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, ही त्याची खूण.

कार्बन फायबरच्या पायांत आणखी एक दुखणे आढळते. कडे फिरवताना त्याच्यासोबत वरच्या नळीवरील आट्यांचा धातूचा भागही फिरू लागतो. हा भाग नळीला चिकटवलेला असतो आणि त्याचा डिंक सुटलेला असतो. तो काढून, जुना डिंक खरवडून, दोन्ही पृष्ठभाग ओल्या पॉलिश पेपरने थोडे खरखरीत करून (कोरडे घासू नये, कार्बनची भुकटी श्वासात जाते) दोन भागांचे ॲराल्डाइट लावावे आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. नीट जमले तर हा सांधा पुढे वर्षानुवर्षे कुरकुरत नाही.

जुन्या धाटणीच्या पिळाच्या ट्रायपॉडांबाबत एक रीत सांगितली पाहिजे, कारण नव्या ट्रायपॉडांवर शिकलेल्यांना ती ठाऊक नसते. आताच्या बहुतेक ट्रायपॉडांत नळ्या एकमेकींत फिरत नाहीत. जुन्यांत त्या फिरतात. म्हणून पाय उघडताना वरचे लॉक आधी आवळायचे, मग खालचे; मिटताना खालचे आधी सोडायचे. क्रम चुकला की नळी कड्यासोबत गरगर फिरते आणि लॉक बिघडले असा समज होतो. सेकंड-हँड ट्रायपॉड स्वस्तात मिळण्यामागे कधीकधी एवढेच कारण असते!

धूळ, तेल आणि ऊन

या दोन जिल्ह्यांत लॉकांवर जे संकट येते ते पुण्या-मुंबईच्या ट्रायपॉडांना क्वचितच भोगावे लागते. जंगलाच्या रस्त्यांवर मुरमाची धूळ, खाणींच्या परिसरात कोळशाची भुकटी, नदीच्या पात्रात वाळू. यांपैकी वाळू सर्वांत वाईट. तिच्यातील क्वार्ट्झचे कण ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असतात. पाय मिटताना ते लॉकच्या आत ओढले जातात आणि नळीवर उभे ओरखडे काढतात. मुरमाची धूळ बारीक, ती ओरखडे कमी काढते, पण ओल लागली की चिखलासारखी घट्ट बसते.

आणि अशा वेळी घरातले कोणीतरी तेलाची कुपी आणते. शिलाई मशीनचे तेल आपल्याकडे सर्व रोगांवर रामबाण समजले जाते. कुरकुरणारे दार, गंजलेले कुलूप, अडकलेला पंखा, सर्वांवर तेच. ते नसेल तर खोबरेल आहेच. ट्रायपॉडच्या लॉकला मात्र हे विष आहे. कुलपाचे काम फिरणे, लॉकचे काम न फिरू देणे. तेलाने आज कुरकुर थांबते, उद्या पाय निसटतो आणि परवा त्या तेलाला मुरमाची धूळ चिकटून घासणारे खिमट तयार होते. तेल लावले गेलेच असेल तर पाय खोलून साबणाने धुण्याला पर्याय नाही.

उन्हाचा परिणाम सूक्ष्म आहे, पण आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार वर असतात. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाणे येथे बातमी उरलेली नाही. साधे प्लास्टिक तापल्यावर ॲल्युमिनियमच्या दोन-तीन पट प्रसरण पावते, कार्बन फायबर जवळपास मुळीच नाही. म्हणजे भर दुपारी प्लास्टिकचे कडे नळीभोवती किंचित सैल होते आणि पहाटेच्या गारव्यात पुन्हा आवळते. फरक केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही कमी असतो, पण काठावर असलेल्या लॉकला तेवढा पुरतो. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. खटक्याचा बोल्ट दुपारच्या उन्हात जुळवू नये. सकाळी किंवा घरात, सामान्य तापमानाला जुळवावा. उन्हात जुळवलेला खटका डिसेंबरच्या पहाटे मिटता मिटत नाही आणि बळ लावले की कडे तडकते. बंद गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ट्रायपॉड ठेवणेही टाळावे. चिकटवलेल्या सांध्यांचे आयुष्य त्याने घटते.

जंगलात असताना

घरी केलेली देखभाल कितीही चांगली असली तरी सांधा ऐन वेळी दगा देऊ शकतो. तेव्हा पहिली युक्ती म्हणजे तो सांधा वापरूच नये. तो भाग पूर्ण मिटून ट्रायपॉड बुटका करावा आणि गुडघ्यांवर बसावे. पक्ष्यांची छायाचित्रे पाण्याच्या पातळीवरून अधिक चांगली येतात, त्यामुळे यात तोटाही फारसा नाही.

उंची हवीच असेल तर इन्सुलेशन टेप खालच्या नळीवर, लॉकच्या लगत खाली, दहा-बारा वेढे घट्ट गुंडाळावा. त्याचा जाड वळसा नळीला आत जाऊ देत नाही. याहून खात्रीचा उपाय म्हणजे होज क्लिप. गाडीच्या रेडिएटरचा पाइप आवळण्याची ही स्क्रूची पट्टी. आलापल्ली, अहेरी किंवा सिरोंचाच्या कोणत्याही मोटार गॅरेजमध्ये ती मिळते. नळीभोवती टेपचे दोन वेढे देऊन त्यावर ती आवळली की लॉक पूर्ण निकामी झाले तरी पाय बसत नाही. कार्बनच्या नळीवर मात्र ती बेताने आवळावी. कार्बन वाकत नाही, चिरडतो.

पाय उघडताना जाड भाग आधी आणि बारीक भाग शेवटी, असा सर्वसाधारण नियम आहे, कारण जाड नळी कमी थरथरते. पाण्यात किंवा वाळूत उभारताना तो उलटा करावा. सर्वांत खालचा भाग पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे त्याचे लॉक पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहते. वैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या पात्रातून बाहेर आल्यावर ओला, वाळू लागलेला पाय तसाच मिटू नये. आधी बाटलीतील स्वच्छ पाण्याने धुवावा, फडक्याने पुसावा, मगच आत सरकवावा. रात्रभर मचाणावर बसायचे असेल, जसे बुद्धपौर्णिमेला बफर क्षेत्रातील मचाणांवर होणाऱ्या निसर्गानुभव कार्यक्रमात, तर अंधार पडण्यापूर्वी तिन्ही पायांवर एकदा भार देऊन पाहावा. अंधारात लॉक चाचपडताना होणारा आवाज पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्याला तुमच्याआधी ऐकू जातो.

पावसाळ्याची सुटी

ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटनासाठी बंद असते. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे पर्लकोटेसारख्या नद्यांच्या पुरांनी रस्ते तुटण्याच्या बातम्या याच काळात येतात. ट्रायपॉडची मोठी साफसफाई करायला याहून चांगला काळ नाही. वर्षातून एकदा सर्व पाय खोलावेत. नदीकाठी फार वावर असेल तर उन्हाळ्याच्या आधीही एकदा. साफ केलेला ट्रायपॉड पिशवीची चेन उघडी ठेवून हवेशीर जागी उभा करावा, पिळाची लॉक अर्धवट सैल सोडावीत. गच्च आवळून महिनोन्‌महिने ठेवलेल्या पट्ट्यांना तोच आकार पडतो आणि पुढे त्या नीट सुटत नाहीत. पायांच्या वरच्या बिजागरीचे बोल्टही याच वेळी तपासून घ्यावेत.

झिजलेल्या पट्ट्या मागवायच्या असतील तर ट्रायपॉडचे नाव आणि क्रमांक यांसोबत नळीचा बाहेरील व्यास व्हर्नियरने मोजून कळवावा. एकाच ट्रायपॉडच्या प्रत्येक सांध्याचा व्यास वेगळा असतो आणि चुकीच्या मापाच्या पट्ट्या आल्याने पार्सल परत पाठवण्याची वेळ अनेकांवर येते. कंपनीने ते मॉडेल बंद केले असेल तरी हातपाय गाळू नयेत. लेथवर काम करणारा चांगला कारागीर नायलॉनच्या दांड्यातून तशीच निमुळती कडी कातून तिचे उभे दोन भाग करून देऊ शकतो. त्याच्याकडे नमुना म्हणून झिजलेली पट्टी नेली तर नवी पट्टी झिजलेल्याच मापाची बनेल. त्याच ट्रायपॉडच्या दुसऱ्या पायाच्या तशाच सांध्यातील चांगली जोडी काढून न्यावी.